माशाची एकादशी

सावरखेड्यात महालक्ष्म्यांच्या, म्हणजे गौरींच्या, आराशीवरून जेवढी चढाओढ चालते तेवढी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतही चालत नाही, हे बन्सीधररावांना पक्कं ठाऊक होतं. तरीही, यंदा आपल्या महालक्ष्म्यांपुढं जिवंत मासे पोहणार, असं त्यांच्या बायकोनं, कमलबाईंनी, जाहीर केलं तेव्हा ते पेपरातून डोकं न काढता "बरं" म्हणाले. पुढं जे काही झालं त्यात त्यांचा गुन्हा असलाच तर तेवढाच.

या सगळ्याच्या मुळाशी होत्या शेजारच्या चतुराबाई. मागच्या साली त्यांच्या महालक्ष्म्यांपुढं सेलवर गोल फिरणारी आगगाडी होती. तीन दिवस अख्खं गाव तिकडं लोटलं, आणि कमलबाईंनी चार महिने खपून केलेल्या मण्यांच्या मोराकडं कुणी ढुंकून बघितलं नाही. तेव्हापासून कमलबाई गप्प होत्या, आणि त्या गप्प असल्या की काहीतरी शिजत असतं. हैदराबादेत नोकरीला असलेल्या आपल्या भावाला, वैजीनाथला, त्यांनी आखाडातच पत्र टाकलं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वैजीनाथ एसटीतून उतरला तो गोधडीत गुंडाळलेली काचेची पेटी काखेत आणि पाण्यानं भरलेली प्लास्टिकची पिशवी हातात धरून. पिशवीत दोन गोल्डफिश होते, केशरी रंगाचे, बोटाएवढ्या लांबीचे आणि चेहऱ्यानं सतत आश्चर्य वाटल्यासारखे.

वैजीनाथ दुसऱ्या दिवशी परत गेला. माशांचं खाणंपिणं, पाणी, आजार यांबद्दलच्या सगळ्या सूचना त्यानं तपशीलवार दिल्या, पण त्या बसच्या खिडकीतून आणि बस सुटल्यावर दिल्या. बन्सीधररावांनी हात हलवून "हो हो" म्हटलं. त्यांना काळजी नव्हती. ते स्वतः जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते. कागदोपत्री डॉक्टर नव्हते, पण गाव त्यांना डागदरच म्हणायचं आणि तेही हाकेला ओ द्यायचे. दहा मणांचा बैल ज्यानं हातानं आडवा पाडलाय त्याला बोटभर माशाचं काय एवढं, असं त्यांना वाटलं.

तिसऱ्याच दिवशी ग्रामसेवकानं आडात पांढरी पावडर टाकली. पावसाळ्यात टाकावीच लागते. कमलबाईंनी मोठ्या हौसेनं माशांना ताजं, स्वच्छ, आताच शेंदलेलं पाणी भरलं. दुपारपर्यंत दोघांतला थोरला मासा गेला.

"गंगेचं पाणी आणायचं की ओ," चतुराबाई म्हणाल्या. "आडाच्या पाण्यात कुटं असले मासे जगत असतेत का?"

गंगा म्हणजे गोदावरी, आणि ती तिथून पंधरा कोसांवर. बन्सीधररावांनी डोकं चालवलं. पाणी परातीत ओतून दिवसभर उन्हात ठेवलं की पावडरीचा वास उडून जातो, हे त्यांनी स्वतः शोधून काढलं आणि उरलेला मासा त्यातून वाचला. पण गावात बातमी गेली ती वेगळीच: डागदरच्या दारचं एक जनावर दगावलं.

एरवी या बातमीला त्यांनी भीक घातली नसती. पण ही वेळच वाईट होती. बोरीकडच्या दोन गोठ्यांत लाळ-खुरकूत लागली होती. तोंडातून लाळ गळते, खुरं कुजतात, आणि ऐन रब्बीच्या पेरणीच्या तोंडावर बैल बसतो तो उठत नाही. महालक्ष्म्या झाल्यावरच्या शनिवारी सावरखेड्याला लस येणार होती, बर्फाच्या पेटीतून, अडीचशे डोस. बर्फ वितळायच्या आत टोचली तर टोचली, नाहीतर वाया. ही तारीख ज्या साहेबांनी ठरवली त्यांच्या लक्षात त्या दिवशी अनंत चतुर्दशी आहे हे आलं नव्हतं, पण ते एक असो. खरी अडचण अशी की गावाला लस नको होती. सुईनं म्हैस आटते, बैल ढिला पडतो, असं सगळ्यांचं ठाम मत होतं. बन्सीधरराव महिनाभर दारोदार फिरले होते. सगळे चहा पाजायचे आणि शेवटी म्हणायचे, "व्यंकटराव जनावरं आणतेत का बगू, मंग आमी आणू."

व्यंकटरावांच्या गोठ्यात एकोणीस जनावरं होती, त्यातली लालकंधारी बैलांची जोडी तर जिल्ह्याच्या प्रदर्शनात बक्षीस घेऊन आलेली. आणि व्यंकटराव कुणाचं ऐकत असतील तर ते लिंबाजीचं.

लिंबाजी जनावरांना डाग द्यायचा. तापलेली लोखंडी सळई घेऊन तो कुठलाही आजार बरा करायला निघे. बन्सीधररावांना त्याचा राग येई, पण त्या रागात एक अडचण होती. लिंबाजीचा जनावरांवर खरोखर जीव होता. डाग दिल्यावर तो त्या बैलाजवळ बसून राहायचा, स्वतःच्या हातानं त्याला पेंड चारायचा. माणूस लबाड असता तर चारचौघांत चार शब्द सुनावता आले असते. याला काय सुनावणार?

तर रविवारी महालक्ष्म्या जेवल्या. थोरली-धाकटी दोघी भरजरी साड्यांत उभ्या, पुढं सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्यांची चळत, आणि मधोमध काचेच्या पेटीत एकटा केशरी मासा. आगगाडीच्या घरी त्या दिवशी शुकशुकाट होता. हळदीकुंकवाला बायांची अशी रीघ लागली की बन्सीधररावांना स्वतःच्या घरात शिरायला मागच्या दाराची वाट धरावी लागली. कमलबाईंचा चेहरा असा उजळलेला त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच बघितला. त्यांना मनापासून बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

आता रीत अशी की सवाष्णीनं महालक्ष्म्यांना हळदीकुंकू वाहायचं, मग घरच्या बाईला लावायचं. पुढ्यात तिसरा एक जीव बघून बायांनी त्यालाही वाहिलं. माशाला कपाळ नसल्यामुळं ते पाण्यात पडलं. आणि महालक्ष्म्यांच्या घरी आलेला कुठलाच जीव उपाशी राहता कामा नये, म्हणून प्रत्येकीनं पुरणाची एक चिमूट पेटीत सोडली. कुणी आंबिलीचा थेंब सोडला, कुणी भज्याचा तुकडा. मासा सगळं खात होता. तो खातोय हे बघून बायांना इतका आनंद झाला की काही जणी घरी जाऊन सासूला घेऊन परत आल्या.

सोमवारी सकाळी महालक्ष्म्यांना निरोप द्यायच्या आत चतुराबाईंनी पेटीत डोकावून बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं कमल, मासा कुशीवर झोपलाय का ग?"

मासा कुशीवर नव्हता. तो पाण्याच्या वर, पोट आभाळाकडं करून तरंगत होता. पोट फुगलं होतं. तोंड हलत होतं, म्हणजे होता जिवंत, पण कुठलाही शहाणा मासा ज्या दिशेनं पोहतो त्याच्या बरोबर उलट दिशेनं.

तासाभरात पेटी बाहेर अंगणात आणावी लागली, आणि तिथंही माणसं मावेनात. व्यंकटराव आले, त्यांच्या मागं लिंबाजी आला. लिंबाजीनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, वाकून, लय वेळ बघितलं. मग तो उठला.

"डागावं म्हणलं तर ह्याला जागाच न्हाई," तो म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती, खेद होता, आणि म्हणून ते जास्त लागलं. "डागदर, ह्यो शनवार बगत न्हाई."

व्यंकटरावांनी उपरणं झटकलं. "बन्सीधरराव, माणूस तुमी चांगले. पर बोटभर जीव तुमच्यानं आवरंना, अन् माझी जोडी तुमच्या सुईखाली कशी देऊ? असं करा. ह्याला शनवारपस्तोर उठवा. ह्यो उठला तर माझी एकोणीसच्या एकोणीस जनावरं तुमच्यापुढं उभी करतो. न्हाई उठला तर मला आग्रह करू नका."

एवढ्या लोकांसमोर बन्सीधरराव "ठीक आहे" म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? माशापेक्षा त्यांचंच तोंड त्या वेळी जास्त उघडझाप करत होतं.

पहिलं कारण त्यांना हळदीकुंकू वाटलं. पाणी बदललं. मासा उलटाच. मग जखमा धुवायचं लाल औषध चिमूटभर टाकलं. पाणी असं जांभळं-गुलाबी झालं की त्यात मासाच दिसेना, आणि तीन बायांनी पेटीला नमस्कार केला. परत पाणी बदललं. शेवटी त्यांनी ठरवलं की आता पोटात औषध द्यायचं. औषध होतं बैलाचं. बैलाची मात्रा माशाला द्यायची तर आधी माशाचं वजन पाहिजे. दवाखान्यातला काटा पाच किलोच्या खाली काही दाखवतच नव्हता.

म्हणून मंगळवारी सकाळी, वाटीवर ताटली झाकून, बन्सीधरराव सीताराम सोनाराच्या दुकानात गेले. सीतारामनं आधी वाटीभर पाणी तोललं, मग माशासकट पाणी तोललं. तो गंभीर माणूस होता. त्यानं चष्मा पुसला, पुन्हा तोललं.

"दोन तोळे तीन मासे," तो म्हणाला.

"एकच आहे," बन्सीधरराव म्हणाले.

"मी वजनाचं सांगायलोय, डागदर." सीताराम थोडा दुखावला. मग सोनं मोडीत घेतानाच्या सवयीनं त्यानं विचारलं, "घट किती धरू?"

घरी येऊन त्यांनी हिशेब मांडला. बैलाच्या मात्रेचा पंधरा हजारावा भाग. म्हणजे एका थेंबाचा पंचविसावा हिस्सा. एक थेंब पंचवीस चमचे पाण्यात घालून त्यातला एक चमचा पेटीत ओतला आणि उरलेले चोवीस चमचे फेकले. सरकारी औषध वापरलं म्हणजे नोंद आली. दवाखान्याच्या रजिस्टरात गाय-बैल, म्हैस, शेळी-मेंढी, कोंबडी आणि इतर असे रकाने होते. 'इतर'मध्ये आजवर एकच नोंद होती, वाटेनं जाणाऱ्या एका उंटाची. त्याच्या खाली बन्सीधररावांनी लिहिलं: मासा, नग एक. मालकाचं नाव या रकान्यात स्वतःचं नाव लिहिताना त्यांना कसंसंच झालं.

मासा उलटाच.

मग त्यांनी परभणी गाठली. त्या दिवशी शहरात नामांतराचा मोर्चा होता, बसनं पार अलीकडं उतरवलं आणि उन्हातून चालत जावं लागलं. माशांशी संबंध असलेल्या एका कार्यालयात एक कारकून त्यांचं सगळं म्हणणं शांतपणे ऐकून घेत होता. ऐकून झाल्यावर त्यानं एक छापील फॉर्म पुढं केला. 'जलाशयाचे क्षेत्रफळ (हेक्टरमध्ये)' असा पहिलाच रकाना होता.

"साहेब, पेटी आहे. दोन फूट बाय एक फूट."

"हेक्टरमधीच लिवावं लागतंय."

सरकारी माणसानं सरकारी फॉर्म अर्धवट सोडू नये, म्हणून बन्सीधररावांनी तिथंच बसून गणित केलं: शून्य, दशांश चिन्ह, चार शून्यं आणि मग एकोणीस. कारकुनानं ते वाचलं. "तळं जरा लहान दिसायलंय," तो म्हणाला. "ह्या तळ्यातून शेतीला पाणी द्यायचा इरादा हाय का?" नाही म्हटल्यावर त्यानं फॉर्म ठेवून घेतला आणि पावसाळा संपल्यावर पाहणीला माणूस येईल असं सांगितलं. बन्सीधरराव संध्याकाळच्या बसनं परत आले. येताना त्यांनी कुणाशी बोलायचं टाळलं, पण कंडक्टरनंच विचारलं, "मासा कसा हाय?"

बुधवारी सकाळपर्यंत अंगणात एक नवीन प्रकार सुरू झाला होता. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जाऊ नये हे या भागातल्या लहान पोरालाही कळतं. आणि आजारी तर मासा होता. कुणी बिस्किटाचा पुडा आणला, कुणी चुरमुरे, कुणी घरची दशमी. एकीनं तर आजारी माणसाला हलकं अन्न बरं म्हणून मऊ भात शिजवून आणला होता. भेटायला आलेला प्रत्येक जण पेटीजवळ बसायचा, च्‌ च्‌ करायचा, एक तुकडा पाण्यात सोडायचा आणि म्हणायचा, "खा रे बाबा, खाल्ल्याबिगर कसा उठशील?" मासा उलटा पडल्या पडल्या खात होता. त्याचा स्वभावच तसा होता.

बन्सीधरराव खाटेवर बसून हे बघत होते आणि त्यांना काही सुचत नव्हतं. सुईचा विषय तर संपल्यात जमा होता. बोरीच्या त्या दोन गोठ्यांतली बसलेली जनावरं त्यांनी डोळ्यांनी बघितली होती. तीच गत इथं होणार, आणि होणार ती एका माशामुळं. त्यांना रडू येईल की काय असं वाटायला लागलं.

तेवढ्यात सुलाबाई आली. हिचं एकटीचं घर, एकटीची एक म्हैस. ती येताना काही घेऊन आली नव्हती, कारण तिच्याकडं काही नव्हतं. म्हणून इतरांनी चारलं तेव्हा ती नुसती बघत बसली, आणि बघता बघता तिच्या लक्षात आलं.

"डागदर," ती म्हणाली, "माजी म्हस मागल्या साली फुगली व्हती, ध्यानात हाय का?"

"हाय. उडदाचा ओला पाला खाल्ला होता."

"तवा तुमी काय केलंत?"

"नळी खुपसून वारा काढला."

पेटीजवळचे दोघं-तिघं दचकून माशाकडं बघू लागले. "तसलं न्हाई ओ," सुलाबाई म्हणाली. "त्याच्या आधी काय म्हणले मला?"

बन्सीधररावांनी आठवलं. ते सुलाबाईवर ओरडले होते, चांगलेच ओरडले होते. "चारा बंद कर म्हटलं होतं," ते हळू म्हणाले. "एक काडी पुढ्यात टाकायची नाही म्हटलं होतं."

"मंग ह्याच्या पुढ्यातली वैरण कामून बंद केली न्हाई?"

बन्सीधरराव उठून उभे राहिले. फुगवटा! साधा फुगवटा! सोळा वर्षं हाच आजार दर पावसाळ्यात त्यांनी शेकडो गोठ्यांत बघितला होता. पण हैदराबादहून आलेलं, काचेत राहणारं जनावर म्हणजे त्याचा आजारही तसाच बाहेरदेशी असणार, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. लाल औषध, बैलाची मात्रा, हेक्टर! आणि त्याच वेळी रविवारपासून अख्खं गाव त्याला पुरण चारत होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि त्याच दमात इतकं मोकळं वाटलं की त्यांनी सुलाबाईला हात जोडले. ती लाजून पदर डोक्यावरून पुढं ओढत चुलीकडं पळाली.

आता चारा बंद करायचा. पण करायचा कसा? "कुणी काही टाकू नका," असं त्यांनी सांगून बघितलं. लोक हो म्हणाले. एक म्हातारा मात्र डोळे पुसत म्हणाला, "डागदरांनी आशा सोडली वाटतं," आणि जाता जाता शेवटचं म्हणून दशमीचा मोठा तुकडा सोडून गेला.

मग कमलबाई पुढं आल्या. झाल्या प्रकारानं त्या सोमवारपासून खालमानेनं वावरत होत्या. त्यांनी पदर खोचला, पेटीसमोर पाट टाकला, त्यावर बसल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आज एकादशी हाय. माशाला उपास हाय."

हात मागं गेले, बिस्किटं खिशात गेली. आजाऱ्याला चारणं पुण्याचं असेल, पण उपास मोडणं! तसं पाप आपल्या हातून घडावं अशी सावरखेड्यात कुणाचीही इच्छा नव्हती. बन्सीधरराव बायकोकडं बघतच राहिले.

अर्ध्या तासात चतुराबाई वाटीभर साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या. "उपासाला चालती," त्या म्हणाल्या. मागून भगर आली, राजगिऱ्याचा लाडू आला, केळं आलं.

"कडक उपास हाय," कमलबाई म्हणाल्या.

"कडक म्हंजी?"

"निर्जळी."

चतुराबाईंनी पेटीतल्या पाण्याकडं बघितलं, मग कमलबाईंकडं बघितलं. "अगं, पाण्यातच तर हाय त्यो!"

"पाण्यात ऱ्हाऊन तोंडात थेंब घेत न्हाई," कमलबाई डोळ्याची पापणी न हलवता म्हणाल्या. "म्हणून तर त्याचा उपास मोठा."

चतुराबाईंनी खिचडीची वाटी खाली ठेवून माशाला हात जोडले. दुपारपर्यंत गावातल्या चार बायांनी माशाबरोबर आपणही निर्जळी धरल्याचं कळलं.

गुरुवारी द्वादशी. उपास सोडायला गरम वरणभात घेऊन पहाटेच तीन जणी दारात हजर. कमलबाईंनी पाटावरून न उठता सांगितलं की त्यानं अनंत चतुर्दशीपर्यंत धरलाय. बाया थक्क होऊन परत गेल्या. त्या दिवशी बन्सीधररावांनी तीनदा पाणी बदललं, उन्हात ठेवलेलं, थोडं मीठ घातलेलं. मासा उलटाच होता, पण पोट जरा उतरल्यासारखं वाटलं. का उगीच वाटलं? त्यांनी दोऱ्यानं मापायचा विचार केला आणि सोडून दिला. लिंबाजी रस्त्यानं दोनदा गेला, आत आला नाही.

शुक्रवारी सकाळी बन्सीधरराव दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण होता. अंगणातून सुलाबाईची आरोळी आली, ती तीन गल्ल्यांना ऐकू गेली.

"शेण टाकलं! ओ डागदर, शेण टाकलं, शेण टाकलं!"

ते साबणासकट धावले. खरंच होतं. माशाच्या मागं सुतासारखा एक लांबच लांब धागा लोंबत होता, पुरणाच्याच रंगाचा. बन्सीधररावांनी आयुष्यात मणामणानं शेण बघितलं होतं, पण असं समाधान कधी झालं नव्हतं. कमलबाई पाटावरून उठल्या आणि चार दिवसांत पहिल्यांदा हसल्या. तासाभरानं मासा एका कुशीवर आला. जेवणाच्या वेळेला त्यानं पाठ वर केली, पोट खाली केलं, आणि जगातली सगळे शहाणे मासे जशी पोहतात तसा पेटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहत गेला. बन्सीधररावांच्या छातीवरून दहा मणांचं ओझं उतरलं. त्यांनी शेतातून मुगाची एक ओली शेंग मागवली, एक दाणा शिजवला, सोलला, त्याचा अर्धा भाग केला, आणि उपास सुटायला अजून एक दिवस असताना, बाया नाहीत असं बघून, हळूच पाण्यात सोडला. कमलबाईंनी तेवढ्यापुरती पाठ फिरवली.

शनिवारी सात वाजता ते चावडीपुढच्या लिंबाखाली बर्फाची पेटी घेऊन बसले. साडेसात झाले. आठ झाले. एक शेळीसुद्धा फिरकली नाही. बर्फाचं पाणी पेटीतून ठिबकायला लागलं. मासा उठला हे काय गावाला माहीत नाही? मग त्यांना धूळ दिसली. पुढं व्यंकटराव, मागं एकोणीस जनावरं, आणि त्यांच्या मागं गल्लीभर शिंगंच शिंगं.

"उशीर झाला," व्यंकटराव म्हणाले. "समदे आधी तुमच्या घरी गेल्ते मासा बगायला. रांग लय मोठी हाय तिथं. घ्या, जोडीपासून सुरू करा."

दुपारी एकपर्यंत दोनशे सदतीस जनावरं टोचून झाली. बन्सीधररावांचा खांदा दुखत होता, शर्टाला शेण लागलं होतं, आणि ते गेल्या आठ दिवसांत पहिल्यांदा गुणगुणत होते. बर्फाचे दोन खडे उरले होते. ते पेटी बंद करणार, तोच चावडीच्या मागच्या बोळातून एक तांबडी गाय आली. तिचा दोर लिंबाजीच्या हातात होता.

तो जवळ आला, पण मान खालीच. "बोरीला गेल्तो काल," तो म्हणाला. "बोलावलं व्हतं तिथल्यानी. सात बैल डागले, डागदर. सळई तापवू तापवू माजाच हात भाजला. एक बी उठला न्हाई." त्यानं गायीच्या गळ्याखाली हात फिरवला. "मला ही एकच हाय."

या माणसासाठी बन्सीधररावांनी सोमवारपासून एक वाक्य घोळून घोळून तयार ठेवलं होतं. चांगलं लांब आणि टोकदार होतं. आता त्यांना ते म्हणावंसं वाटेना.

"कान धरा तिचा," ते म्हणाले. "घट्ट."

लिंबाजीनं कान धरला आणि स्वतःचे डोळे गच्च मिटून घेतले. सुई टोचली तेव्हा गाय हलली नाही, लिंबाजीच हलला.

"झालं?"

"झालं. तीन दिवस कामाला लावू नका. गाय आहे म्हणा, तिला कसलं काम."

लिंबाजी दोर गुंडाळत उभाच राहिला. मग म्हणाला, "समद्या गावानं बगितला. मी न्हाई बगितला अजून. येऊ का?"

दोघं चालत घरी आले, मागं गाय. बायांची रांग तोपर्यंत गणपतीच्या तयारीला पांगली होती. अंगणात ऊन होतं आणि पेटी त्यात चमकत होती. लिंबाजीनं गाय खांबाला बांधली, पायातलं काढलं, आणि सोमवारसारखेच गुडघ्यांवर हात ठेवून तो वाकला. मासा काचेपाशी आला, तोंड उघडझाप करत त्याच्याकडं बघत राहिला. लिंबाजीही बघत राहिला.

"लय लहान हाय ओ ह्यो," तो शेवटी म्हणाला. "एवढ्याशा जिवाला मी मरंल म्हणलो. चारचौघांत म्हणलो." त्यानं भाजलेला आणि धड असे दोन्ही हात जोडले, बन्सीधररावांना नव्हे, माशाला. "चुकलं रे बाबा माजं."

बन्सीधररावांनी आत जाऊन कमलबाईंना दोन कप चहा टाकायला सांगितलं, आणि चहा होईपर्यंत ते बाहेर आले नाहीत.